शिक्षा भोगून सुटलेल्या लैंगिक गुन्हेगाराच्या शेजारी बसायचं कुणी?

उत्तरवारा

हा धागा काढू की नको असं बरेच दिवस चाललं होतं, कारण विषयच असा की नुसतं नाव काढलं तरी माणसं उठून जातात. पण परवा दुसऱ्या एका धाग्यावर 'असल्यांना सोडतातच कशाला' यावर दोन पानं प्रतिसाद पडले आणि पुढचा प्रश्न एकानेही विचारला नाही. सोडतातच ना, मग सुटल्यावर तो माणूस जातो कुठे? फाशी आणि खरोखर मरेपर्यंतची जन्मठेप सोडली तर बाकीचे सगळे कधी ना कधी बाहेर येतात, आपल्याला आवडो न आवडो, आणि कुठल्या ना कुठल्या गल्लीत राहायला जातात.

मी कॅनडात असतो, ओंटारियोत. गेली काही वर्षं इथल्या 'सर्कल्स ऑफ सपोर्ट अँड अकाउंटॅबिलिटी'मध्ये, म्हणजे कोसामध्ये, व्हॉलंटियर आहे. आधीच सांगतो, मी मानसोपचारवाला नाही की धर्मप्रसारक नाही, नोकरी करून संध्याकाळी जाणारा साधा माणूस आहे.

याची सुरुवात १९९४ला हॅमिल्टनमध्ये झाली. मुलांवरच्या अत्याचाराचे वारंवार गुन्हे असलेला, बुद्धीने मंद असा एक माणूस शिक्षा पूर्ण करून सुटणार होता. इथे नियमाने दोन तृतीयांश शिक्षा झाली की उरलेला काळ देखरेखीखाली बाहेर काढता येतो, पण जो फार धोकादायक वाटतो त्याला पॅरोल बोर्ड शेवटच्या दिवसापर्यंत आत ठेवतं. ऐकायला बरोबर वाटतं. पण गोम अशी, की शेवटच्या दिवशी शिक्षाच संपली म्हणजे देखरेखही संपली, म्हणजे ज्याची सगळ्यात जास्त भीती तोच पॅरोल ऑफिसरशिवाय एकटा रस्त्यावर येतो! तर त्या माणसाला ओळखणारे हॅरी नाय म्हणून एक मेनोनाइट (एक ख्रिश्चन पंथ) पाद्री होते, त्यांना तुरुंगातून विचारणा झाली की तुमच्या चर्चची माणसं काही करतील का. गावात निदर्शनं, पोलिसांचा पहारा, पेपरात बातम्या, सगळं झालं. नाय यांनी काय केलं, तर चर्चमधली मूठभर माणसं गोळा केली आणि ठरवलं की याला रोज कुणीतरी भेटायचं. बस, एवढंच. नंतर तसाच प्रसंग टोरांटोत आला, तिथेही हेच केलं, आणि त्यातून ही पद्धत बनली. तो पहिला माणूस पुढे मरेपर्यंत पुन्हा तसल्या गुन्ह्यात सापडला नाही.

आता सर्कल म्हणजे काय, तर सुटलेला माणूस मध्ये, त्याला कोअर मेंबर म्हणतात, भोवती चार ते सहा ट्रेनिंग घेतलेले व्हॉलंटियर, आणि त्यांच्या बाहेर अजून एक कडं, थेरपिस्ट, पोलीस, पॅरोलवाले, यांचं. सुरुवातीला एक करार होतो, त्यावर सगळ्यांच्या सह्या. त्यात तो आम्हाला त्याचा गुन्हा स्वतःच्या तोंडाने सांगतो, त्याची धोक्याची लक्षणं कुठली तेही सांगतो, आणि आमच्याकडून एवढंच वचन की तुझं बोलणं आमच्यात राहील, पण कुणाला इजा होण्याची शक्यता दिसली तर आम्ही त्याच दिवशी पोलिसांना फोन करू आणि तो केलाय हे तुला सांगू. ब्रीदवाक्यं दोन. 'आणखी कुणी बळी नको' आणि 'कुणीही टाकाऊ नाही'. लोक दुसरं ऐकून भडकतात, पण क्रम बघा, पहिलं पहिलंच आहे.

माझं म्हणणं एका वाक्यात: हे त्या माणसावर उपकार म्हणून नाही, पुढच्या मुलासाठी आहे. बोला आता.

---

खडूस_काकू

बोलते की. मला हे वाचून ढवळून आलं. जिच्यावर अत्याचार झाला तिला कोण रोज भेटायला जातं हो? तिच्यासाठी चार ते सहा जण करार करून बसतात का? तिने दार लावून घ्यायचं आणि याच्यासाठी संध्याकाळी नोकरी सांभाळून माणसं धावत येणार. वर 'कुणीही टाकाऊ नाही' म्हणे. काही माणसं असतात टाकाऊ, माफ करा.

---

तिरपागडा

काकूंशी १०१% सहमत. सोपा उपाय आहे, नाव फोटो पत्ता सगळं इंटरनेटवर टाका, अमेरिकेत करतात तसं. लोक आपापली मुलं सांभाळतील. व्हॉलंटियर वगैरे कशाला पाहिजेत

---

उत्तरवारा

@काकू, तुमचा प्रश्न खरा आहे, त्याला वळसा घालत नाही. पीडितांसाठी जे असायला हवं त्याच्या निम्मंही नाही. पण सर्कल बंद केलं म्हणून तो पैसा किंवा ती माणसं तिच्याकडे जात नाहीत, असं कुठेच झालेलं नाही. इथे २०१५च्या सुमारास सरकारने निधी थांबवला होता, कित्येक ठिकाणची सर्कल बंद पडायच्या बेताला आली, त्यातून एकाही पीडितेचा फायदा झाल्याचं मी ऐकलं नाही. २०१७ला निधी परत आला.

@तिरपागडा, अमेरिकेचंच बघू. १९९४ला न्यू जर्सीत मेगन्स लॉ, म्हणजे अशा सुटलेल्यांची माहिती लोकांना देण्याचा कायदा, आला, १९९६ला देशभर. उद्देश चांगलाच होता, एका लहान मुलीचा खून समोरच्या घरात राहणाऱ्या सुटलेल्या गुन्हेगाराने केला होता आणि आईबापांना काही माहीत नव्हतं. पण पुढे गावोगावी नियम वाढत गेले, शाळेपासून इतके फूट, बागेपासून इतके फूट. मायामीत ते अंतर २५०० फूट झालं आणि अख्ख्या शहरात जागाच उरली नाही. शेवटी ज्युलिया टटल कॉजवे म्हणून खाडीवरचा पूल आहे, त्याच्या खाली ही माणसं तंबू टाकून राहायला लागली, साधारण २००७ ते २०१०, आणि प्रशासनाला ते माहीत होतं. आता विचार करा, बायको नाही, नोकरी नाही, पत्ता नाही, दिवसभर करायला काही नाही, भोवती सगळे तसलेच. हा माणूस जास्त सुरक्षित झाला का कमी? यादीत त्याचं नाव होतंच की. यादी तुम्हाला सांगते तो कुठे झोपतो, तो दिवसभर काय करतो हे यादी नाही सांगत.

---

आकडेमोड

धागाकर्त्याने भावनेवर नेण्याआधी थोडे आकडे.

१) 'सगळे पुन्हा करतातच' असं जे सर्रास म्हणतात ते खरं नाही. हॅन्सन आणि ब्युसियेर यांनी १९९८ला ६१ अभ्यास एकत्र केले होते, चार-पाच वर्षांत पुन्हा लैंगिक गुन्ह्यात सापडण्याचं प्रमाण १३.४%. अर्थात सापडलेले, तक्रार न झालेले यात नाहीत, आणि तक्रार न होणं या गुन्ह्यात फारच जास्त. त्यामुळे हा तळाचा आकडा समजा.

२) कोसाचा पहिला मोठा अभ्यास रॉबिन विल्सन वगैरेंचा, सर्कल मिळालेले ६० आणि न मिळालेले ६०, धोक्याची पातळी जुळवून घेतलेले. लैंगिक गुन्हे ७०% कमी. २००९ला देशभर पुन्हा केला, ४४ आणि ४४, तेव्हा ८३% कमी.

पण थांबा. यात मोठी फट आहे. सर्कलमध्ये जो येतो तो स्वतः हो म्हणून येतो, म्हणजे ज्याला सुधारायचंय तोच येतो. मग फरक सर्कलचा की त्याच्या इच्छेचा?

३) म्हणून अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्याचा प्रयोग महत्त्वाचा. तिथे २००८ला सुरू केलं आणि इच्छुकांमधून चिठ्ठी टाकल्यासारखं कुणाला सर्कल, कुणाला नाही असं ठरवलं. २०१३ला निकाल आला तेव्हा बाकी गुन्हे आणि तुरुंगवाऱ्या बऱ्याच कमी झालेल्या, पण लैंगिक गुन्ह्यांचा फरक सांगता येण्याइतके गुन्हेच घडले नव्हते. २०१८ला १०० जणांवर, ५० आणि ५०, नव्या लैंगिक गुन्ह्यासाठी अटक होण्याचा धोका ८८% कमी. संख्या लहान आहे, पण चिठ्ठीचा प्रयोग आहे त्यामुळे मी तरी याला वजन देईन.

---

डोंगरवाट

वकील आहे म्हणून थोडं कायद्याचं. उत्तरवारा (उवा) म्हणताहेत ती देखरेख संपण्याची फट कॅनडाने थोडीफार बुजवलीये, तिथल्या दंडसंहितेत ८१०.१ कलम आहे, शिक्षा संपली तरी १६ वर्षांखालच्या मुलांना धोका आहे असं न्यायाधीशाला पटलं तर बंधपत्र घेता येतं, बागेत जायचं नाही, शाळेजवळ जायचं नाही, इंटरनेट नाही, असं. पण बंधपत्र म्हणजे काय काय करायचं नाही त्याची जंत्री. सकाळी उठून करायचं काय, हे कुठलंच कोर्ट सांगत नाही.

आणि रजिस्टर, म्हणजे अशा गुन्हेगारांची सरकारी यादी, सगळीकडे सारखं नसतं. कॅनडाचं २००४चं फक्त पोलिसांसाठी. भारतातलं २०१८ला सुरू झालेलं तेही फक्त पोलीस आणि तपास यंत्रणांसाठी. ब्रिटनने मला वाटतं शहाणपणाचा मधला मार्ग काढला, तिथे साराज लॉ म्हणतात, पालक पोलिसांकडे जाऊन विचारू शकतात की अमुक एका माणसाचा माझ्या मुलाशी संबंध येतोय, त्याचं काही रेकॉर्ड आहे का, आणि पोलिसांना गरज वाटली तर त्या पालकाला सांगतात, गावभर नाही.

तिरपागडा, तुझ्या फोटो-पत्त्याच्या यादीत अजून एक गडबड आहे. मुलांवरचे बहुतेक अत्याचार ओळखीच्या माणसाकडून होतात. अमेरिकेच्याच न्याय खात्याच्या आकडेवारीच्या २०००च्या अहवालात लहान वयाच्या पीडितांपैकी अनोळखी माणसाने केलेले फक्त ७% निघाले होते. बाकीचे घरातले किंवा ओळखीतले, आणि त्यातले बरेच कुठल्याच यादीत नसतात.

---

तिरपागडा

बरं ओळखीचा असू दे. पण सुटलेला माणूस ओळखच वाढवणार ना? चर्चमध्ये येणार, लोकांशी गोड बोलणार, हे सहा भाबडे लोक त्याला चांगलं म्हणणार आणि मग शेजारी विश्वास ठेवणार. हीच तर यांची मोडस ऑपरेंडी असते. उवा तुम्हाला कधी वाटलं नाही का की हा आपल्याला गुंडाळतोय

---

रातराणी७

मीही हेच विचारणार होते. मी समुपदेशन करते, वेगळ्या क्षेत्रात, पण गोड बोलणाऱ्यांची सवय आहे. व्हॉलंटियर नवखे असतील तर तो त्यांना एकेकटं गाठून फोडेल. एकाला सांगेल तू एकटीच मला समजून घेतेस.

---

उत्तरवारा

रातराणीताई, हे तुम्ही अचूक धरलंत, ट्रेनिंगचा बराच वेळ यावरच जातो. पहिला नियम, कोअर मेंबरचं कुठलंच गुपित एका व्हॉलंटियरकडे राहत नाही. 'हे फक्त तुला सांगतो' असं म्हणाला की त्याच बैठकीत सगळ्यांसमोर ठेवायचं, त्याच्यादेखत. सुरुवातीला लाज वाटते, चुगली केल्यासारखी. नंतर सवय होते.

गुंडाळतोय का, तर हो, प्रयत्न करतात. एक प्रसंग सांगतो, ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत. आमचा माणूस पन्नाशीचा, खूप वर्षांनी सुटलेला, बाहेर आला तेव्हा त्याला टचस्क्रीनचा फोन हातात धरता येत नव्हता, दुकानात स्वतः वस्तू स्कॅन करायच्या मशीनसमोर घाम फुटायचा त्याला. गोदामात काम मिळालं. दर आठवड्याच्या बैठकीत तो आठवडा सांगायचा, कुठे गेला, कुणाशी बोलला, झोप कशी लागली. एकदा बोलता बोलता म्हणाला की हल्ली आधीची बस पकडतो, गर्दी कमी असते. बाकी सगळे माना डोलावत होते. आमच्यात एक निवृत्त बाई आहेत, आयुष्यभर शाळेच्या ऑफिसात काम केलेल्या, त्यांनी विणकाम करता करता मान वर न करता विचारलं, 'आधीची म्हणजे पावणेआठची? ती तर शाळेच्या मुलांची वेळ.' तो गप्प. मग म्हणाला योगायोग आहे. मग चिडला, म्हणाला तुम्ही पण पोलीसच आहात. बाई म्हणाल्या, 'नाही रे, पोलिसाला तुझी बस माहीत नसते.' मग बऱ्याच वेळाने तो बोलला, की कामावर बोलणी खाल्ली होती, एकटा पडला होता, आणि डोक्यात जुने विचार यायला लागले होते. करारात ही लक्षणं त्याने स्वतःच लिहून दिली होती, आम्ही कागद काढून त्याच्यासमोर ठेवला. दुसऱ्या दिवशी थेरपिस्टला कळवलं, बस बदलली, आणि काही दिवस आमच्यापैकी कुणीतरी सकाळी त्याला स्टॉपवर भेटायचं.

काहीच घडलं नाही. यशोगाथा वगैरे नाही ही, पेपरात छापण्यासारखं यात काही नाही. पण ती बस कुठल्या पॅरोल ऑफिसरला कळली असती? त्याच्याकडे ढीगभर माणसं, महिन्यातून ठरलेल्या भेटी, आणि माणूस त्याच्यासमोर शहाण्यासारखंच वागतो. आम्हाला कळली कारण आम्हाला त्याचं रोजचं माहीत होतं.

आणि हो, फसलेलंही एक सर्कल सांगतो, माझं नव्हतं, पण आमच्याच गटातलं. त्या माणसाने लपवून कॉम्प्युटर घेतला होता, बंधपत्रात मनाई असताना. व्हॉलंटियरला खोली बघताना वायर दिसली. त्यांनी पोलिसांना फोन केला, तो परत आत गेला. काहींना वाटलं आपण दगा दिला. मला विचाराल तर सर्कलचं काम त्या दिवशी सगळ्यात चोख झालं.

---

खडूस_काकू

हं. विणकामवाल्या बाई आवडल्या मला.

पण सरळ विचारते, तुमच्या घरात लहान मूल आहे का? असेल तर हा माणूस तुमच्या घरी जेवायला आलाय का कधी?

---

उत्तरवारा

आहे, मुलगी. आणि नाही, आलेला नाही, येणारही नाही. कोअर मेंबरला घरी बोलवायचं नाही, मुलांबद्दल बोलायचं नाही, घरचा पत्ता द्यायचा नाही, हे त्यालाही माहीत आहे. त्याला त्याचं वाईट वाटत नाही, उलट एकदा म्हणाला की तुम्ही ठेवलेलं अंतर बघून मला सुटल्यासारखं वाटतं, कारण मी स्वतःवर ठेवायचं तेच तुम्ही ठेवताय.

माझ्या बायकोला सुरुवातीला हे अजिबात मान्य नव्हतं. आजही ती त्या दिवशी काही विचारत नाही.

---

आकडेमोड

ब्रिटनमध्ये याचं रूप थोडं वेगळं आहे, ते राहिलं. तिथे २००२ला क्वेकर या ख्रिश्चन पंथाच्या लोकांच्या पुढाकाराने आणि सरकारी मदतीने थेम्स व्हॅलीत सुरू झालं, २००८ला सर्कल्स यूके संस्था झाली. तिथे पोलीस, प्रोबेशन आणि तुरुंग मिळून अशा माणसांवर एकत्र देखरेख ठेवण्याची व्यवस्था आधीच होती, त्यामुळे सर्कल त्या यंत्रणेला जोडूनच चालतं, व्हॉलंटियर माहिती वर देतात. कॅनडात कुणीच नव्हतं म्हणून शेजारी उभे राहिले. हा फरक लहान नाही. उद्या कुणी हे कुठे सुरू करायचं म्हटलं तर आधी विचारावं लागेल की बाहेरचं कडं आहे का तुमच्याकडे. थेरपिस्ट नाही, पोलीस ऐकत नाहीत, आणि फक्त सहा भली माणसं, असं सर्कल मी तरी सुरू करणार नाही. तिथे तिरपागडाची भीती खरी ठरेल.

---

तिरपागडा

चला एक तरी मुद्दा मान्य झाला माझा :)

---

डोंगरवाट

आकडेमोड +१. आणि एक, हे सगळ्यांसाठी नाहीच. ज्याच्याकडे कुटुंब आहे, नोकरी आहे, धोका कमी, त्याला सर्कलची गरज नसते. हे मुळात धोका जास्त आणि आधार शून्य अशांसाठी आहे. आणि जो गुन्हाच सांगायला तयार नाही त्याच्याबरोबर तो करार कसा होणार.

---

निरंजना

पहिल्यापासून वाचतेय. लिहू की नको करत होते.

माझ्यावर लहानपणी झालं, घरातल्याच माणसाने केलं, यापेक्षा जास्त लिहीत नाही. तो कधी तुरुंगात गेलाच नाही म्हणून सुटण्याचा प्रश्नही आला नाही. काकू, तुम्ही पहिल्या प्रतिसादात माझ्या बाजूने बोललात, बरं वाटलं. पण खरं सांगू का, त्याचं काय व्हावं यावर लोक माझ्या वतीने इतकं ठरवतात, फाशी द्या, कापून टाका, आणि मला कुणी विचारत नाही. फाशीच होणार म्हटल्यावर घरात तक्रार करायची हिंमत मुलीला कुठून येणार? माझ्या आईने तोंड दाबलं ते याच भीतीने, की त्याचं आयुष्य उद्ध्वस्त होईल.

मला त्याच्याशेजारी कुणी प्रेमाने बसावं असं वाटत नाही. वाटणारही नाही. पण कुणीतरी त्याला दर आठवड्याला विचारत असतं की तू कुठली बस पकडलीस, तर माझ्या धाकट्या मावसबहिणीचं वाचलं असतं, हे मला कळतं. दोन्ही एकत्र वाटतं, त्याचं काय करायचं ते माहीत नाही.

उवा, एक विचारायचंय. अशा सर्कलमध्ये आमच्यासारख्या कुणी असतात का? म्हणजे बसलेल्यांत.

---

खडूस_काकू

निरंजना बाळा, लिहिलंस ते बरं केलंस. माझं तोंड बंद झालं.

---

उत्तरवारा

निरंजनाताई, असतात. आमच्या गटात आहेत. निवडताना आधी मुलाखत होते आणि तेव्हाच विचारतात, स्वतःवर किंवा जवळच्या कुणावर असं झालंय का, झालं असेल तर त्यातून किती बाहेर आलात, उपचार घेतलेत का, आणि कुठल्या प्रकारचा गुन्हा ऐकणं झेपणार नाही. हो म्हटलं म्हणून लगेच घेत नाहीत, नाही म्हटलं म्हणून कमी लेखत नाहीत. स्वतःच्या गुन्हेगाराच्या सर्कलमध्ये कधीच नाही. आणि मध्येच थांबायची मुभा असते, कारण विचारत नाहीत.

आमच्यातल्या एकीने पहिल्या बैठकीत कोअर मेंबरला स्पष्ट सांगितलं, मी इथे तुझ्यासाठी नाहीये. तो म्हणाला, ठीक आहे. ती अजून येते, आणि गुन्हा सांगताना तो शब्द चाचपायला लागला, 'ते घडलं' वगैरे म्हणायला लागला, की तीच त्याला थांबवते. 'घडलं नाही, तू केलंस. पुन्हा सांग.'

तुम्हाला यातलं काही करावंसं वाटलंच पाहिजे असं अजिबात नाही. व्यनि (खाजगी निरोप) केलात तर ट्रेनिंगमध्ये काय काय विचारतात ते सविस्तर लिहीन.

---

रातराणी७

ते व्यनित नको, इथेच लिहा, मलाही हवंय. विशेषतः व्हॉलंटियरना स्वतःला त्रास झाला तर त्यांच्याकडे बघायला कोण असतं, ते.